दस्तक, चेहरेपट्टी आणि मौद्याची वाट

(१)

नागपुराहून पूर्वेस भंडाऱ्याकडे निघालेली वाट कन्हान नदी ओलांडून मौद्यास येते, तेथून वैनगंगेच्या कांठीं भंडाऱ्यास जाते, आणि पुढें छत्तीसगडांत उतरून रायपूर गांठते. नागपूरकर भोंसल्यांच्या राज्याचा हा पूर्वेकडील दरवाजा होय. इ. स. १७४२ त भास्करराम कोल्हटकर याची बंगालवर स्वारी झाली ती नागपुराहून याच पूर्वेच्या प्रदेशांतून. इंग्रजी अमलांत रायपूरपर्यंत मोठी सडक झाली. हल्लीं तिलाच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ म्हणतात. वाटेचें महत्त्व जसें व्यापारास व लष्करास, तसेंच चौकशीसहि असतें. जेथें नदीला उतार आणि जेथें रात्रीचा मुक्काम, तेथेंच वाटसरूस 'कोण, कोठला, कोणाचा?' असें विचारण्याची सोय होते. हे तीन प्रश्न कोणीं विचारावे, केव्हां विचारावे, आणि त्यांच्या उत्तराचा पुरावा काय धरावा, एवढ्याच गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

गेल्या कांहीं वर्षांत या प्रश्नांस मोठें वादाचें स्वरूप आलें आहे. पोलिसांनीं वाटेल त्यास थांबवून तो या देशाचा कीं परदेशाचा हें विचारावें कीं नाहीं, यावर दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, राज्यांत कोण आला व कोण राहिला हें ज्या सरकारास ठाऊक नाहीं तें सरकार कसलें? दुसरा पक्ष म्हणतो, निरपराध मनुष्यास केवळ भाषेवरून, वेषावरून वा गरिबीवरून अडविणें हा न्याय कसला? वाद राजकारणाचा आहे, तेव्हां या त्रैमासिकानें त्यांत पडूं नये, असें कित्येकांस वाटेल. परंतु वादाचें मूळ पाहूं गेल्यास तें कागदाच्या प्रामाण्यांत आहे, आणि कागदाचें प्रामाण्य तपासणें हा तर आमचा रोजचा व्यवसाय आहे. जुन्या दप्तरांत बसणाऱ्यांस या वादांत सांगण्यासारखें कांहीं आहे, असें आम्हांस वाटतें.

(२)

मराठी दप्तरांत थोडाबहुत शोध केलेल्या कोणासहि दस्तक हा शब्द नवा नाहीं. दस्तक म्हणजे जाण्यायेण्याचें आज्ञापत्र. त्यांत नेणाराचें नांव, बरोबरचीं माणसें व जनावरें, माल असल्यास मालाची जात, कोठून कोठें जावयाचें तें ठिकाण, आणि वाटेंत चौकीदारांनीं मुजाहीम होऊं नये अशी ताकीद, एवढा मजकूर बहुधा असे. पत्र घेऊन जाणारा मनुष्य मूळचा कोठला, त्याचा बाप कोण, तो कोणत्या देशांत जन्मला, याची चौकशी दस्तकाचा विषय नव्हे. दस्तक मनुष्याचें नसून प्रवासाचें होतें. प्रवास संपला कीं त्याचें काम संपलें. ही गोष्ट प्रथम ध्यानांत ठेवावी.

इ. स. १६६६ त शिवाजी महाराज आग्ऱ्यास अटकेंत असतां त्यांनीं आपल्या बरोबरच्या लोकांस देशीं परत जाण्याकरितां बादशहाकडून दस्तकें मागितलीं, हें राजस्थानी पत्रांवरून कळतें. लोक कमी झाल्यानें खर्च कमी होतो असें बादशहास वाटलें, आणि महाराजांस निघून जाण्यास वाट मोकळी झाली. ज्याच्या हातीं दस्तक देणें आहे त्यासहि तें कोणत्या कामीं येईल हें नेहमीं कळतेंच असें नाहीं, हा यांतील बोध.

समुद्रावरहि हाच प्रकार होता. पोर्तुगीज आपल्या समुद्रांतून जाणाऱ्या गलबतांस कार्ताझ नांवाचा परवाना घ्यावयास लावीत व परवाना नसलेलें गलबत धरीत. पुढें कान्होजी आंग्रे यानेंहि आपले परवाने चालू केले. इंग्रजांनीं ते मानावयाचें नाकारिलें, तेव्हां दोघांचा कलह जुंपला. इंग्रजांनीं या आरमारी सत्तेस चांचेगिरी म्हटलें. परंतु परवाना देणें हें राजचिन्ह आहे आणि तें कोणाचें, हाच खरा तंटा होता. उलटपक्षीं बंगालांत कंपनीच्या नोकरांनीं कंपनीचीं दस्तकें आपल्या खाजगी व्यापारास लावून जकात बुडविली. मीर कासीम याचें इंग्रजांशीं वितुष्ट आलें त्याचें मोठें कारण हेंच, आणि इ. स. १७६४ ची बक्सारची लढाई ही त्या वितुष्टाची परिणति. कागद ज्याच्या हातीं असतो तो खरा, असें एकदां ठरलें म्हणजे खोट्याच्याहि हातीं प्रथम कागदच येतो.

मनुष्याची स्वतःची ओळख लिहून ठेवण्याची रीति वेगळी; तिला चेहरेपट्टी म्हणत. अकबराच्या कारकीर्दींत घोड्यांस डाग व स्वारांचे चेहरे लिहून ठेवण्याची पद्धति पक्की झाली. नांव, बापाचें नांव, जात, वतन, वर्ण, उंची, अंगावरील तीळ वा जखमेची खूण असें त्यांत लिहीत. चाकरीचा पगार घेणारानें एका स्वाराच्या जागीं दुसरा उभा करूं नये, हा तिचा हेतु. म्हणजे चेहरेपट्टी ही चाकरी पत्करणाराची होती. वाटेनें जाणाऱ्या प्रत्येकाची नव्हे. प्रवासाचें दस्तक आणि चाकराची चेहरेपट्टी हीं दोन निराळीं होतीं. पुढील काळाचा इतिहास म्हणजे हे दोन कागद एक होऊन सर्वांच्या गळ्यांत पडल्याचा इतिहास होय.

(३)

पेशवाईंत पुणें शहराची कोतवाली हें मोठें जोखमीचें काम होतें. शहरांत कोण आलें व शहरांतून कोण गेलें याची नोंद ठेवणें हें कोतवालाच्या कामांपैकीं एक होतें. रात्रींची तोफ झाल्यावर रस्त्यांत सांपडेल त्यास गस्तवाल्यांनीं धरून सकाळपर्यंत चावडीवर बसवावें, असा नियम होता. पेशव्यांच्या चाकरींत असलेल्या टोन नांवाच्या आयरिश लष्करी गृहस्थानें तर अशी गोष्ट लिहून ठेविली आहे कीं, खुद्द पेशव्यासहि एकदां अवेळीं बाहेर सांपडल्यामुळें रात्रभर अटकेंत राहावें लागलें. आख्यायिका खरी असो वा नसो. नियम सर्वांस सारखा आहे अशी लोकांची समजूत होती, एवढें तीवरून दिसतें, आणि अशी समजूत असणें हेंच बंदोबस्ताचें खरें बळ.

या बंदोबस्तास काळिमा लागला तो घाशीराम कोतवालाच्या प्रकरणानें. घाशीराम स्वतः उत्तरेकडील कनोजा ब्राह्मण, म्हणजे पुण्यांत परकाच, इ. स. १७७७ त त्यास कोतवाली मिळाली. इ. स. १७९१ च्या ऑगस्ट महिन्यांत तेलंगणांतून आलेल्या कांहीं ब्राह्मणांनीं त्याच्या बागेंतून खाण्याच्या वस्तु घेतल्यावरून कोतवालीच्या शिपायांनीं त्यांस चोर म्हणून धरिलें व अपुऱ्या जागेंत कोंडलें. मानाजी फाकडे यानें कुलूप फोडून दार उघडलें तों आंत एकवीस जण गुदमरून मेलेले आढळले. शहर खवळलें, नाना फडणविसांस घाशीरामास जमावाच्या हवालीं करावें लागलें, आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजीं जमावानें त्यास दगडांनीं ठेंचून मारिलें.

या प्रकरणावर नाटकें व कादंबऱ्या झाल्या; पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें त्यांतील एका बारीक गोष्टीकडे कोणी फारसें लक्ष दिलेलें नाहीं. ते ब्राह्मण परप्रांतीचे होते. पुण्यांतील कोणी भट वा सावकार 'हे माझ्या ओळखीचे' असें म्हणावयास त्या रात्रीं हजर नव्हता. मराठी राज्यांतील चौकशीचा सर्व डोलारा जामिनावर उभा होता. हाजीर जामीन, माल जामीन, मुचलका, हे शब्द दप्तरांत पानोपानीं येतात. जामीन मिळाला तो सुटला. ज्यास जामीन नाहीं तो, गुन्हा असो नसो, अडकला. ओळखीच्या मनुष्यास ही पद्धति सोयीची, आणि अनोळख्यास घातक. जुनें तें सर्व चांगलें असें म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

(४)

मनुष्याच्या तोंडची ओळखहि नेहमीं खरी ठरते असें नाहीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडला. परंतु तो जिवंत आहे ही वार्ता वर्षानुवर्षें उठत राहिली. सुखनिधान नांवाचा एक कनोजा ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून पुढें आला. तो तोतया ठरून कैदेंत पडला, तरी इ. स. १७७६ त रत्नागिरीच्या अधिकाऱ्यानें त्यास बाहेर काढतांच कोंकणांतील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या स्वाधीन झाले. भाऊसाहेबांस पाहिलेलीं माणसें तेव्हां हयात होतीं. पार्वतीबाईंनीं अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत, यावरून लोकांचें मन कोणीकडे होतें हें स्पष्ट आहे. अखेरीस तोतया पकडला गेला. पुण्यांत जाणत्या लोकांपुढें चौकशी होऊन त्याच वर्षीं त्यास देहान्त शिक्षा झाली. ज्यास ओळखावें असें वाटतें त्यास माणसें चटकन् ओळखतात, एवढाच याचा अर्थ.

याचें उलट उदाहरण नागपूरच्याच इतिहासांत आहे. सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोंसले इंग्रजांच्या कैदेंत पडले व त्यांस पहाऱ्यांत उत्तरेकडे नेत असतां इ. स. १८१८ च्या मे महिन्यांत ते शिपायाचा वेष करून पहाऱ्यांतून निसटले व महादेवाच्या डोंगरांत गेले. पहारेकऱ्यांनीं वेष पाहिला, मनुष्य पाहिला नाहीं. ज्या डोळ्यांनीं कोंकणांत नसलेला भाऊ पाहिला, तशाच डोळ्यांनीं येथें असलेला राजा पाहिला नाहीं. वेष, बोली व चेहरा यांवरून केलेली परीक्षा किती कच्ची असते हें या दोन प्रकरणांवरून कळून येईल.

(५)

इंग्रजी अमलाच्या आरंभीं नर्मदेच्या दोन्ही तीरांवरील वाटांवर ठगांचा सुळसुळाट होता. जबलपुरास असलेल्या स्लीमन याच्या देखरेखीखालीं ठगांचा बंदोबस्त झाला. ठगाची कला ही कीं, तो वाटसरूच्या वेषांत वाटसरूंत मिसळे; तेव्हां त्यास ओळखावें कसें? स्लीमननें माफीचे साक्षीदार घेऊन, त्यांच्या तोंडून वंशावळी व टोळ्यांच्या याद्या लिहवून घेऊन, हें काम केलें. इ. स. १८३६ च्या तिसाव्या कायद्यानें ठगांच्या टोळींतला असणें एवढाच गुन्हा जन्मठेपेस पुरेसा ठरला. अमुक खून अमक्यानें केला हें सिद्ध करण्याची जरूर उरली नाहीं. वाटा सुरक्षित झाल्या, हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु 'त्यानें काय केलें' या प्रश्नाच्या जागीं 'तो कोण आहे' हा प्रश्न कायद्यांत बसला, तो येथून.

पुढें हा प्रश्न खेड्यापर्यंत आला. फौजदारी काम चालविण्याच्या इ. स. १८९८ च्या कायद्यांतील ४५ व्या कलमान्वयें गांवचा मुख्य, गांवचा जागल्या, इतकेंच नव्हे तर जमिनीचा मालक यांच्यावर असें कर्तव्य घातलें कीं, ठग, दरोडेखोर, पळालेला कैदी अशा संशयाचा कोणी गांवांत आला किंवा गांवावरून गेला तर त्याची खबर ताबडतोब द्यावी. मौद्यासारख्या वाटेवरच्या गांवीं या कलमाचा भार पाटलावर व महार कोतवालावर किती पडत असेल याची कल्पना करावी. नागपूर प्रांतीं कोतवाल म्हणजे पुण्यासारखा नगराधिकारी नव्हे, गांवचा जागल्या होय, हें येथें सांगितलें पाहिजे. त्याच कायद्याच्या १०९ व्या कलमांत ज्यास पोटापाण्याचें उघड साधन नाहीं किंवा ज्यास स्वतःविषयीं समाधानकारक हकीकत सांगतां येत नाहीं त्याजकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याची तजवीज होती. समाधान कोणाचें, तर विचारणाराचें. इ. स. १९७३ च्या नव्या कायद्यांत हीं दोन कारणें गाळलीं गेलीं. म्हणजे पाऊण शतक या देशांत गरीब व अनोळखी असणें हें जामीन मागण्यास पुरेसें कारण होतें.

(६)

याहूनहि कठोर कायदा इ. स. १८७१ चा. गुन्हेगार जमातींचा म्हणून प्रसिद्ध असलेला हा सत्ताविसावा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानांत लागू झाला, इ. स. १९११ त त्याची व्याप्ति सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर झाली, व इ. स. १९२४ त तो पुन्हां नव्यानें बांधला गेला. जी जमात सरकारनें गुन्हेगार म्हणून जाहीर करावी तिच्यांतील लोकांचें नांव पटावर चढे; त्यांस हजेरी द्यावी लागे; ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जावयाचें तर पास घ्यावा लागे; आणि पासाशिवाय हद्दीबाहेर सांपडल्यास पोलिसानें काय, गांवच्या जागल्यानेंहि वॉरंटाशिवाय धरावें. इ. स. १९११ पासून बोटांचे ठसेहि आले. ठशांची शास्त्रशुद्ध वर्गवारी कलकत्त्यास अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघांच्या मेहनतीनें सिद्ध झाली होती, व तेथें इ. स. १८९७ त ठशांची कचेरी निघाली होती. तिला नांव मात्र हेन्री या साहेबाचें मिळालें.

येथें आमच्या आरंभींच्या दोन कागदांची गांठ पडली. पास हें दस्तक, पटावरील नांव व ठसा ही चेहरेपट्टी. आणि दोन्हीं मिळून जन्मानें ठरणारी. सोलापूरच्या तारेच्या कुंपणांतील वसाहतींत जन्मलेल्या मुलास चाकरी पत्करल्याबद्दल चेहरा लिहून द्यावा लागला नाहीं. आईबापांची जात हेंच कारण पुरलें. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. या दिवसास भटके विमुक्त लोक अद्याप आपला मुक्तिदिन मानितात.

कोणी म्हणेल, हें गरिबांच्याच वांट्यास आलें. तसेंहि नाहीं. इ. स. १८७४ च्या युरोपीय भटक्यांच्या कायद्यानें निराधार हिंडणाऱ्या गोऱ्यासहि पोलिसानें मॅजिस्ट्रेटापुढें न्यावें असें ठरविलें होतें. पण तेथें भटकेपणा एका मनुष्याचा पाहात, त्याच्या कुळाचा नव्हे. हाच भेद ट्रान्सवालांत हिंदी लोकांच्या मनास झोंबला. इ. स. १९०६ त तेथें जो मसुदा निघाला त्यानें प्रत्येक आशियावासी मनुष्यानें नोंदणी करून, ठसे देऊन, दाखला घ्यावा व पोलीस मागेल तेथें तो दाखवावा असें ठरविलें. सप्टेंबर १९०६ त जोहान्सबर्गास सभा होऊन लोकांनीं हा कायदा न पाळण्याची शपथ घेतली. ऑगस्ट १९०८ त दाखल्यांची होळी झाली. इ. स. १९१२ त गोपाळ कृष्ण गोखले स्वतः त्या देशीं गेले ते याच प्रश्नाच्या निमित्तानें. गांधींचा आक्षेप दाखल्याच्या कागदावर नव्हता. सबंध जमातीस गुन्हेगाराप्रमाणें वागविण्यावर होता. त्या वेळीं हिंदुस्थानांत मात्र अशाच जातीचा कायदा चालू होता, आणि त्याच्याविरुद्ध सभा भरत नव्हत्या. आपल्या घरचें दुखणें परदेशांत गेल्यावर अधिक ठळक दिसतें.

(७)

परदेशी मनुष्याविषयींचा कायदा हा याहून निराळा विषय, आणि तो कोणत्याहि राज्यास टाळतां येण्यासारखा नाहीं. इ. स. १८६४ च्या कायद्यानें परकीयांस परवान्यावांचून प्रवासबंदी करण्याचा अधिकार सरकारास दिला. पुढें १९२० त पासपोर्टाचा, १९३९ त नोंदणीचा व १९४६ त परकीयांविषयींचा असे कायदे झाले. इ. स. १९४६ च्या कायद्याच्या नवव्या कलमान्वयें, आपण परकीय नाहीं हें सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय त्याच्यावर पडला. इ. स. १९८३ त आसामापुरता एक कायदा होऊन हा भार तक्रार करणाराकडे गेला, इ. स. २००५ त सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा घटनाबाह्य ठरविला व घुसखोरीस परचक्राची उपमा दिली. इ. स. २०२५ त जुने कायदे रद्द होऊन एकच नवा कायदा झाला व तो १ सप्टेंबर २०२५ पासून अमलांत आला; सिद्ध करण्याचा भार त्यांतहि संशयिताकडेच राहिला आहे.

महाराष्ट्रांत या कायद्याचा प्रयोग कसा झाला याचीं दोन उदाहरणें पुरेत. इ. स. १९९८ च्या जुलै महिन्यांत मुंबईंत धरलेल्या बंगाली बोलणाऱ्या कारागिरांस बांगलादेशी ठरवून महाराष्ट्राच्या पोलिसांनीं आगगाडीनें सीमेकडे चालविलें असतां पश्चिम बंगालांत उलुबेरिया स्टेशनावर जमावानें गाडी अडवून त्यांस सोडविलें. मुंबईहून नागपूरमार्गें हावड्यास जाणारा हा लोहमार्ग मौदा तालुक्यांतून, चाचेर व रेवराल या स्टेशनांवरून जातो. अडीचशें वर्षांपूर्वीं ज्या दिशेनें नागपूरचे बारगीर बंगालांत शिरले व तेथील आयाबायांच्या तोंडीं भयाची आठवण होऊन राहिले, त्याच दिशेनें हे कारागीर परत पाठविले जात होते. परका कोण, हें काळ व स्थळ यांवर किती अवलंबून असतें!

दुसरें उदाहरण कालपरवाचें. इ. स. २०२५ च्या मे महिन्यांत केंद्रीय गृहखात्यानें संशयितांचीं कागदपत्रें तीस दिवसांत पडताळावींत अशी राज्यांस सूचना केल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. पुढच्याच महिन्यांत मुंबईनजीक धरलेले पश्चिम बंगालचे कांहीं मजूर सीमेपलीकडे घालवून दिले गेले, आणि ते भारतीयच आहेत असें ठरल्यावर त्यांस परत आणावें लागलें. पोलिसांची बाजू अगदींच पोकळ नाहीं. खोटे दाखले विकत मिळतात हें खटल्यांतून वारंवार उघड झालें आहे. आणि आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे असें इ. स. २०१६ चा आधारचा कायदाच सांगतो. मग पोलिसांनीं पाहावें तरी काय? हा त्यांचा प्रश्न खरा आहे. परंतु परत आणलेल्या त्या मजुरांचा प्रश्नहि तितकाच खरा आहे, आणि चूक झाल्यास भोगावयाचें कोणास, हें पाहिलें म्हणजे दोन्ही प्रश्नांचें वजन सारखें राहात नाहीं.

(८)

आतां आमच्या व्यवसायाकडे वळूं. कागद गोळा करणारांस तीन गोष्टी अनुभवानें पटलेल्या असतात. पहिली, कागद नसणें हा वस्तु नसल्याचा पुरावा नव्हे. इ. स. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत इनाम कमिशन बसलें. पिढ्यान् पिढ्या उपभोग असलेल्या इनामदारांस सनद दाखवा असें विचारलें गेलें. कोणाची आगींत गेली होती, कोणाची दंग्यांत, कोणाची भाऊबंदकींत. सनद न दाखवितां आल्यामुळें ज्यांचीं इनामें गेलीं ते सर्व लुच्चे होते असें कोणताहि इतिहासज्ञ म्हणणार नाहीं. इनामदारासारख्या पेटीकुलूप बाळगणाऱ्याची ही गत, तर पुरांत व बदलत्या कामांत घर हलविणाऱ्या मजुराच्या कागदांची गोष्ट काय सांगावी?

दुसरी, नांवांतील फरक हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. उलट बनावट कागदांतच सर्व अक्षरें जागच्या जागीं असतात. एकाच घराण्याचें आडनांव एकाच दशकांतील दोन अस्सल पत्रांत दोन तऱ्हांनीं लिहिलेलें आम्ही नेहमीं पाहातों. वयें तर अदमासानेंच लिहिलेलीं असतात. समाधानाची गोष्ट ही कीं, जुलै १९२४ नव्हे, शंभर वर्षांनंतर जुलै २०२४ त, सर्वोच्च न्यायालयानेंहि आसामांतील एका प्रकरणांत हेंच मत दिलें. अशिक्षित व गरीब लोकांच्या कागदांत नांवाच्या अक्षरांत व तारखांत किरकोळ फरक असणें स्वाभाविक आहे, तेवढ्यावरून त्यांस परकीय ठरवूं नये; तसेंच कांहीं तरी आधार हातीं असल्याशिवाय वाटेल त्याच्या दारावर थाप मारून 'तूं परकीय नाहींस हें सिद्ध कर' असें म्हणतां येणार नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें. पुराव्याचा भार संशयितावर असला तरी संशयाचा आधार दाखविण्याचा भार सरकारवर आहे, हा त्याचा मथितार्थ.

तिसरी, कागद कोणत्या कामाकरितां लिहिला होता हें पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावूं नये. शिधापत्रिका धान्याकरितां, मतदारयादी मताकरितां, आधार अनुदानाकरितां. यांपैकीं एकहि पत्र जन्मस्थळाच्या साक्षीकरितां लिहिलेलें नाहीं. जकातीच्या पावतीवरून वतनाचा निवाडा करूं पाहणाऱ्यास आम्ही हंसतों. मग तसाच निवाडा चौकींत झाला तर त्यास हंसूं नये, पण शांतपणें चूक म्हणावें.

इंग्लंडांत महायुद्धाकरितां इ. स. १९३९ त प्रत्येकास ओळखपत्र मिळालें होतें. युद्ध संपलें तरी पोलीस सवयीनें तें मागत राहिले. डिसेंबर १९५० त क्लॅरेन्स विलकॉक नांवाच्या मोटार हांकणाऱ्या गृहस्थानें तें दाखविण्याचें नाकारिलें. पुढील वर्षीं वरिष्ठ न्यायाधीश गोडार्ड यांनीं त्यास दोषी ठरविलें खरें, पण एका कामाकरितां केलेला कायदा सरसकट दुसऱ्या कामाकरितां वापरल्यानें पोलीस व प्रजा यांतील सद्भाव नाहींसा होतो, असा अभिप्राय दिला. फेब्रुवारी १९५२ त तीं पत्रें बंद झालीं. त्याच वर्षीं आमच्याकडे पासाची पद्धति गेली. दोन देशांत एका वर्षीं लोक एका ओझ्यांतून सुटले, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

(९)

तात्पर्य, जुन्या कागदांवरून असें दिसतें कीं, चौकशी ही जोंवर ठरल्या जागीं, ठरल्या वेळीं व सर्वांस सारखी होती तोंवर लोकांनीं ती बंदोबस्त म्हणून मानली. जेव्हां ती कुळावरून, बोलीवरून वा अनोळखीपणावरून होऊं लागली तेव्हां ती जुलूम झाली. नाक्यावर सर्वांसच थांबविणें आणि एकासच बाजूस काढणें यांत हाच भेद आहे. मौद्याअलीकडे माथनीच्या टोलनाक्यावर आज गाडीची ओळख क्षणांत पटते. गाडीवर चिकटविलेली पट्टी यंत्र वाचतें. गाडीची ओळख तिच्या पट्टींत संपते. मनुष्याची तशी संपत नाहीं. मौद्याच्या वीजकेंद्राच्या उभारणीसारख्या मोठ्या कामांवर दूरदूरच्या प्रांतांतून मजूर येतात. त्यांस विचारूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. विचारण्यास कारण असावें, उत्तर ऐकण्यास वेळ असावा, आणि निवाडा करणारा विचारणारापासून निराळा असावा, एवढेंच आमचें म्हणणें. आजच्या कायद्यांतहि नागरिकानें घराबाहेर पडतांना सदैव ओळखपत्र बाळगावें असा सर्वसाधारण नियम नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

असो. मौदा, रामटेक, उमरेड व भंडारा या बाजूच्या जुन्या मालगुजार, पाटील व सावकार घराण्यांच्या दप्तरांतून राहदारीचे परवाने, दस्तकें, जामीनकतबे, मुचलके, तसेंच अलीकडील हजेरीचे पास व दाखले सांपडण्याचा संभव आहे. असे कागद किरकोळ म्हणून बहुधा फेंकून दिले जातात. सनदा तेवढ्या जपल्या जातात. आमची संग्राहकांस विनंति आहे कीं, असा एकहि तुकडा हातीं आल्यास तो टाकूं नये. त्याची नक्कल तारीख, शिक्का व पाठीवरील शेऱ्यासह करून ठेवावी. राजेरजवाड्यांची ओळख सनदांत आहे. वाटेनें चालत गेलेल्या सामान्य मनुष्याची ओळख, राहिली असेल तर, याच फाटक्या कागदांत राहिली आहे.